आहेत की होत्या

माझं काम कान तपासायचं. दवाखान्याच्या मागच्या अंगाला एक ध्वनिरोधक खोली आहे, कपाटापेक्षा थोडी मोठी, आतून राखाडी स्पंज लावलेली. पेशंट आत बसतो, कानांवर हेडफोन चढवतो, हातात एक बटण धरतो आणि बारीकसा आवाज आला की ते दाबतो. मी काचेच्या अलीकडे बसून आलेख काढते. आतल्या माइकमधून त्याची सगळी हालचाल माझ्या कानात येत असते. खुर्चीची कुरकुर, घशातली खाकर, पोटातली गुडगुड. माणूस गप्प बसला तरी गप्प नसतो, हे या धंद्यात फार लवकर कळतं.

दोन पेशंटांच्या मधे थोडा वेळ मिळतो. त्या वेळात दवाखान्यातले बाकीचे लोक चहा पितात किंवा फोनवर घरच्यांशी भांडतात. मी शहरकोश उघडायचे.

शहरकोश म्हणजे शहरातल्याच लोकांनी मिळून इंटरनेटवर लिहिलेला ज्ञानकोश. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं. पूल, शाळा, नाले, बंद पडलेली थिएटरं, गाजलेले डॉक्टर, सगळ्यांवर पानं आहेत आणि प्रत्येक पानाला जोडून एक चर्चापान. खरी गंमत त्या चर्चापानावर. एका पुलाचं उद्घाटन सकाळी झालं की संध्याकाळी, यावरून दोन सभ्य गृहस्थ तिथे वर्षभर एकमेकांना ‘आपण, आपण’ म्हणत ओरबाडत होते. हा काथ्याकूट वाचायचा, पुरावे बघायचे आणि प्रश्नावर ‘निकाली’ अशी खूण करून तो बंद करायचा, हे काम आम्हा काही प्रचालकांकडे होतं. पगार नाही, मान नाही, शिव्या मात्र वेळेवर. तरी मला ते आवडायचं. तिथे एखादी गोष्ट निदान एकदाची ठरायची.

त्या कोशात माझ्या आत्याचंही एक पान आहे. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही, बसस्थानकावर उद्घोषक म्हणून नोकरी केली. ती निवृत्त व्हायच्या सुमाराला सगळ्या घोषणा रेकॉर्ड करून घेतल्या. त्यामुळे आजही कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार ते शहराला आत्याच सांगते. वडील गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. तिचं पान जेमतेम सहा ओळींचं, कुणा हौशी माणसाने लिहिलेलं. मी त्याला कधी हात लावला नव्हता. घरच्या माणसाबद्दल आपण लिहायचं नाही, असा नियम आहे आणि तो मीच दुसऱ्यांना ऐकवत असते.

त्या सोमवारी सकाळी एका आजोबांच्या कानाचं मशीन साफ करून दिलं आणि ताज्या बदलांची यादी उघडली. आत्याच्या पानावर एक बदल झाला होता. ‘त्या बसस्थानकाच्या निवृत्त उद्घोषक आहेत’ या वाक्यातलं ‘आहेत’ काढून कुणीतरी ‘होत्या’ केलं होतं. बदल करणाऱ्याचं नाव होतं ‘वाचक’. कारण दिलं होतं, ‘किरकोळ दुरुस्ती.’

असं होतं. आडनावाच्या सारखेपणामुळे जिवंत माणसं मारली जातात आणि मेलेली निवडणुकीला उभी राहतात. मी पुन्हा ‘आहेत’ केलं. पुढचा पेशंट बाहेर जाईपर्यंत परत ‘होत्या’ झालेलं होतं.

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा नवरा हसत सुटला. आत्या पंख्याखाली बसून पाय चोळत होती.

“मला विचारा म्हणावं की!” ती म्हणाली. “घरीच असते मी. पत्ता दे त्याला.”

“तसं चालत नाही, आत्या. पुरावा लागतो. छापील.”

“म्हणजे मी पुरावा नाही?”

“तुम्ही स्वतःबद्दल सांगणार, म्हणजे पक्षपात झाला,” नवरा म्हणाला. “तुमची भाची सांगणार, म्हणजे घराणेशाही.”

आत्या खूप हसली. मग म्हणाली, “पण ऐकायला बरं वाटतं, नाही? होत्या. होत्या म्हटलं की माणूस एकदम गुणी वाटायला लागतो.”

मी चर्चापानावर रीतसर प्रश्न टाकला होता. या बाई हयात आहेत, कृपया बदल करू नये. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खाली उत्तरं आली होती. ‘खोडरबर’ नावाचा एक जुना सदस्य आहे, भाषेचा मोठा काटेकोर. त्याने संदर्भ मागितला. मी लिहिलं, मी त्यांना रोज बघते. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, ‘आपल्यावर अविश्वास नाही. परंतु आपण बघता, हे आम्ही कसे तपासावे?’ असंच मी शंभर जणांना म्हटलेलं होतं.

मग वाचकाने लिहिलं. एकच ओळ. ‘बाईंचे निधन झाले आहे. संदर्भ पाहावा.’ आणि खाली आमच्या शहरातल्या एका दैनिकाचं नाव, तारीख, पान चार, तिसरा स्तंभ.

तारीख येत्या गुरुवारची होती.

मी ती दोनदा वाचली. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. मग सुटल्यासारखं वाटून घाईघाईने लिहिलं, हा अंक अजून निघालेलाच नाही, संदर्भ बाद. मला वाटलं, आता सगळे हसतील.

कुणी हसलं नाही. ‘पायरी’ नावाच्या एका सदस्याने लिहिलं की तारखेत चूक असू शकेल, पण पान आणि स्तंभ इतके नेमके आहेत, त्याअर्थी काहीतरी असावे. खोडरबरने लिहिलं, ‘अंक आला की तपासून घेऊ. तोवर प्रश्न उघडा ठेवावा. घाई कशाला?’

त्या ‘घाई कशाला’ने माझं डोकं उठलं. गुरुवार येईपर्यंत मी धड बसले नाही. कामावर मी आलेखातली वळणं चुकत होते. घरी आल्यावर काहीतरी निमित्त काढून आत्याचा हात हातात घ्यायचे. नाडी नियमित. रक्तदाब नेहमीसारखा, किंचित जास्त. तिच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला की बरं वाटायचं आणि नाही आला की दारापर्यंत जाऊन यायचे.

“काय गं पहारा देतेस?” ती एकदा म्हणाली. “कुठे पळून चालले आहे का मी?”

मी वाचकाला खाजगी निरोप पाठवला. तुम्ही कोण, कशावरून लिहिता? उत्तर आलं नाही. त्याच्या नावावर आधीचं लिखाण किती आहे ते बघितलं. बरंच होतं, कित्येक वर्षांचं, आणि सगळं एकाच जातीचं. शाळामास्तर, वैद्य, कुस्तीगीर, नगरसेवक. प्रत्येकाच्या पानावर एकच शब्द बदललेला. त्या बदलांवर कुणी कधी वाद घातलेला नव्हता. तारखा पडताळून बघायचं माझ्या मनात आलं होतं. मी नाही बघितल्या. ती खिडकीच बंद केली.

बुधवारी दुपारी, दवाखाना जेवणासाठी बंद असताना, मी प्रश्न निकाली काढला. माझा निर्णय नियमात बसणारा होता. जो अंक अस्तित्वात नाही तो संदर्भ होऊ शकत नाही, म्हणून ‘आहेत’ कायम. फक्त तो मी द्यायला नको होता, एवढंच. मग पानाला कुलूप घातलं, म्हणजे प्रचालकांशिवाय कुणाला तिथे बदल करता येणार नाही. खाली वाचकाची एक ओळ लगेच उमटली. ‘आपली इच्छा.’

गुरुवारी मी रजा घेतली. सकाळी ऊन चांगलं होतं. आत्या आणि मी गच्चीत वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होतो. दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे. नवरा आत किल्ल्या शोधत होता आणि शोधताना नेहमीसारखा त्यांच्यावर चिडत होता.

“खालच्या बाईंना सांग,” आत्या म्हणाली, “त्यांचं मांजर परत आपल्या...”

चादरीचं पलीकडचं टोक खाली आलं.

ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे अर्धे उघडे. मी मनगट धरलं. काही नाही. मानेला बोटं लावली. छातीवर कान टेकला. माझा कान शिकलेला आहे, हे अभिमानाने नाही सांगत. तिथे काहीच नव्हतं. मी ओरडले. नवरा धावत आला, तसाच फोन करायला परत आत पळाला. खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. आत्याच्या ओठांचा रंग गेला. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. नवऱ्याचं फोनवर पत्ता सांगून झालं, तो परत सांगून झाला, स्कूटर सुरू होऊन लांब निघून गेली.

“...आपल्या कुंडीत बसलं, तर मी त्याला दत्तक घेणार आहे,” आत्या म्हणाली.

मग ती उठली आणि चादरीची टोकं उचलून माझ्यासमोर धरली.

रुग्णवाहिका दारातून परत पाठवावी लागली. नवरा कपाळाचा घाम पुसत म्हणाला, “काय आत्या, जीव घेतलात की आमचा!” आणि दिवसभर उन्हाच्या चकरेवर बोलत राहिला. मी खाली जाऊन त्या दैनिकाचा अंक आणला. चौथ्या पानावर तिसऱ्या स्तंभात निधनाच्या दोन बातम्यांच्या मधे एक चौकट होती, दोन बोटं उंचीची. आत काहीच छापलेलं नव्हतं.

मी दैनिकाच्या कार्यालयात फोन केला. पान लावणारा माणूस वैतागलेलाच होता. “तुम्ही तिसऱ्या, मॅडम. मजकूर यायचा होता, जागा धरून ठेवली होती. आला नाही. कोणी धरायला सांगितलं ते आता कुणालाच आठवत नाही.”

पुढच्या आठवड्यात आत्यामध्ये तसा काही फरक नव्हता. जेवत होती, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्यांचे उच्चार सुधारत होती, जावयाची टर उडवत होती. फक्त खोकला थांबला होता. आणि ती झोपत नव्हती. कुठल्याही वेळी खोलीत डोकावलं तरी पलंगाच्या कडेला ताठ बसलेली, गाडीची वाट बघणाऱ्यासारखी.

“झोप येत नाही का गं?”

“पडते की. पण तिथेच अडतं.”

“कुठे?”

ती उशीचा अभ्रा सारखा करत राहिली.

शेवटी मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. कान तपासू या, म्हटलं. तिला ध्वनिरोधक खोलीत बसवलं, हेडफोन घातले, बटण हातात दिलं. दार लावलं. काचेच्या अलीकडे येऊन मी माझे हेडफोन चढवले आणि आतल्या माइकचा आवाज हळूहळू वाढवला.

खुर्ची कुरकुरली. साडीची घडी सरकली. मग ती हलायची थांबली.

मी आवाज शेवटपर्यंत वाढवला. यंत्राची स्वतःची बारीक सूं ऐकू येऊ लागली. त्यापलीकडे काही नव्हतं. त्या खोलीत मी तान्ही बाळं ऐकली आहेत, झोपी गेलेले म्हातारे ऐकले आहेत. रिकामी खोलीही ऐकली आहे. हा आवाज मला ओळखीचा होता. रिकाम्या खोलीचा.

काचेपलीकडे आत्या माझ्याकडे बघून हसली आणि तिने बटण दाबलं.

“अजून मी आवाज सोडलाच नाही, आत्या,” मी माइकमध्ये म्हणाले.

“मग कोण पुकारतंय?” तिचा आवाज माझ्या कानात आला, अगदी स्वच्छ. “केव्हाची ऐकते आहे. माझंच नाव आहे. निघावं म्हणते तर पाय उचलत नाही.”

तिने परत बटण दाबलं. परत. परत.

घरी येताना रिक्षात तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “चिमणे, तू काही केलंस का गं?”

मी सांगितलं. पहिल्यापासून सगळं.

“माझ्यासाठीच केलंस,” ती म्हणाली. “आता बदलून टाक.”

घरात पाय ठेवल्याबरोबर मी कुलूप काढलं आणि स्वतःच्या हाताने ‘होत्या’ लिहिलं. आत्या शेजारी बसून बघत होती. तिने डोळे मिटले.

काही झालं नाही. पान नव्याने उघडलं तर ‘आहेत’ होतं. खोडरबरने बदल उलटवला होता. ‘प्रश्न निकाली निघालेला आहे. संदर्भाशिवाय बदलू नये. प्रचालकांकडून हे अपेक्षित नव्हते.’

मी प्रश्न पुन्हा उघडायची विनंती केली. संदर्भ मागितला गेला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना घरी बोलावलं. त्यांनी आत्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. आत्या त्यांच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करत होती. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढला, त्यावर टिचकी मारली, परत लावला. बराच वेळ लावून ठेवला.

“ठणठणीत आहेत,” ते भिंतीकडे बघत म्हणाले. ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. चहाला थांबले नाहीत, बॅगही इथेच विसरले. ती न्यायला अजून आलेले नाहीत. माझा फोन घेत नाहीत.

इकडे चर्चापानावर लोक जमू लागले. कधी न लिहिणारे लोक. ‘रोज सकाळी स्थानकावर बाईंचा आवाज ऐकते. त्या आहेतच.’ ‘माझ्या लहानपणापासून ऐकतोय. होत्या कसं म्हणवेल?’ ‘आहेत.’ ‘आहेत.’ ‘आमच्यासाठी कायम आहेत.’ खाली खाली जावं तितकी नावं. एकही वाईट शब्द नाही. आत्याला वाचून दाखवलं तेव्हा तिने पदर डोळ्यांना लावला. डोळे कोरडे होते.

मी वाचकाला पुन्हा निरोप पाठवला. हात जोडते, म्हणून लिहिलं. यावेळी उत्तर आलं.

‘माझा मजकूर छापला गेला नाही. आता माझ्याकडे संदर्भ नाही.’

काल खोडरबर घरी आले. चर्चेत ठरलं होतं की कुणीतरी समक्ष जाऊन खात्री करावी आणि पानासाठी फोटो काढावा. निवृत्त गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कॅमेरा. बरोबर पायरी होत्या, एक गोड, लठ्ठ बाई. आत्या साडी बदलून खुर्चीत बसली होती.

मी पाण्याचे पेले घेऊन आले तेव्हा त्यांच्या गप्पा रंगल्या होत्या. आत्याची छाती संथपणे वरखाली होत होती. एका क्षणात मला काय काय वाटून गेलं.

“बाई, आपण तर आमच्यापेक्षा तरुण,” खोडरबर म्हणाले आणि फोटो बघायला कॅमेऱ्यावर वाकले. पायरी पाण्याचा पेला घ्यायला माझ्याकडे वळल्या.

आत्याचे खांदे थांबले.

पायरी परत वळल्या. खांदे वर गेले, खाली आले.

जाताना दोघं तिच्या पाया पडले. मी दार लावलं आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ती फार थकलेली दिसत होती. दुपारचं ऊन तिच्या मांडीवर पडलं होतं, आणि त्या उजेडात तिचा पदर चित्रातल्यासारखा निश्चल होता.

“जमलं ना?” तिने विचारलं. “आरशासमोर बसून शिकले.”

तिने माझा हात धरून मला जवळ बसवलं.

“तुझ्यासमोर नाही करत,” ती म्हणाली. “घरच्या माणसापुढे कशाला उगीच दमायचं?”